सवलत दिसते, सोय दिसत नाही



१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११च्या जनगणनेनुसार येथील दर शंभर रहिवाशांमागे सुमारे ६९ जण अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची ही या भूमीचीच लेकरे. तरीही बाजारात किंवा कचेरीत साठी ओलांडलेल्या भिल्ल गृहस्थाला विशीतला तरुण सहज ‘अरे’ म्हणून हाक मारतो. त्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. ‘आम्ही भेदभाव मानत नाही’ असे तो प्रामाणिकपणे सांगेल. ज्याला हाक मारली जाते, त्याला मात्र ती टोचते.

सुशिक्षित घरांत जनजातीय विद्यार्थ्याच्या राखीव जागेची चर्चा होते. ती सवलत कागदावर असते, म्हणून ती सर्वांना दिसते. शहरातील मुलाला घरात पुस्तके मिळतात, अर्ज भरून देणारे वडील असतात, ओळखीचे शिक्षक असतात. ही सोय कोणत्याही कागदावर नसते, म्हणून ती कोणी मोजत नाही. धडगावच्या पाड्यावरचे मूल घरी पावरी बोलते आणि पहिलीत मराठी पुस्तक उघडते. शर्यत तेथूनच विषम होते.

हा सल तळोदे तालुक्यातील संत गुलाम महाराजांनी फार पूर्वी ओळखला होता. १९३८च्या सुमारास त्यांनी आरतीसाठी हजारो भिल्लांना एकत्र आणले, दारू सोडण्याचा उपदेश केला आणि लहानथोर सर्वांनी परस्परांना ‘आप’ म्हणावे, अशी शिकवण दिली. ज्यांना जगाने एकेरी हाक मारली, त्यांनी आदरार्थी संबोधनाचा आरंभ आपल्याच घरातून केला.

पुढे १९७०च्या दशकात शहादे परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गमावलेल्या जमिनींचा प्रश्न लढवला. जनजातींच्या जमिनी परत मिळवून देणारा कायदा महाराष्ट्रात १९७४ साली झाला. जमिनीसाठी कायदा करता येतो. मान देण्यासाठी कायदा पुरत नाही. तो ज्याच्या त्याच्या जिभेवरच यावा लागतो.

समरसतेची भाषणे पुष्कळ होतात. आपल्या घरी कामाला येणाऱ्या वृद्ध मजुराला आपली मुले कोणत्या शब्दाने हाक मारतात, हे प्रत्येक कुटुंबाने आजच ऐकावे. तेथे ‘अहो’ आले, तर पहिले पाऊल पडले असे समजावे.