सूक्ष्म कडे आणि आपल्या मुली
(बार्शी येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थिसाहाय्य, वसतिगृह व विवाह या प्रश्नांचा ऊहापोह आपल्या संमेलनात नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. आज आम्ही जिवाणूच्या पोटातील एका कड्याविषयी बोलणार आहोत. आपल्या लेकीबाळींच्या आरोग्याशी त्याचा निकटचा संबंध आहे, म्हणून हा विषय निवडला.

जिवाणूच्या पेशीत मुख्य आनुवंशिक द्रव्याखेरीज डीएनएचे एक लहानसे, बांगडीसारखे वाटोळे कडे पुष्कळदा आढळते. अशा द्रव्यास जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली ‘प्लास्मिड’ हे नाव दिले. हे कडे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. औषधांस दाद न देण्याचा गुण जिवाणूंमध्ये पसरतो, तो पुष्कळदा याच वाटेने.

परंतु उपद्रवी वस्तूही मनुष्य कामास लावतो. १९७३ साली अमेरिकेत कोहेन व बॉयर यांनी हे कडे कापून त्यात परके जनुक जोडले आणि ते जिवाणूत परत घातले. आंब्याचे कलम बांधावे, तसाच हा प्रकार. जिवाणू वाढले की जनुकाच्याही प्रती वाढतात. मधुमेह्यांसाठी मानवी इन्सुलिन याच रीतीने तयार झाले व १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. आता तर हवे ते जनुक प्रयोगशाळेत जुळवून अशा कड्यावर बसविता येते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरील लसही याच विद्येचे फळ होय. विषाणूच्या कवचाचे जनुक कड्यावर बसवून ते यीस्टच्या पेशींत घालतात. त्या पेशी कवचाचे प्रथिन बनवितात. कवच तेवढे तयार होते, आत विषाणूचे बीज नसते. त्यामुळे लसीने रोग होत नाही, शरीर मात्र शत्रूस ओळखावयास शिकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या अशा लसीस २०२२ साली मान्यता मिळाली.

या कार्यात आपल्या बार्शीचा वाटा मोठा आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली येथेच सुरू झाली. येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या लसीच्या अभ्यासातही बार्शी हे एक केंद्र होते. २०१० साली सरकारने लस देणे थांबविल्याने अनेक मुलींस एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे लक्ष ठेवता, त्या एका मात्रेनेही प्रमुख विषाणूंपासून उत्तम संरक्षण मिळते असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक मात्राही पुरेशी मानली, त्यामागे या मुलींचेही ऋण आहे.

जे ज्ञान आपल्या परिसरातील लेकींनी जगास दिले, त्याचा लाभ आपल्याच घरांत संकोचामुळे पोहोचू नये, हे आम्हांस शोभत नाही. गर्भाशयाचे दुखणे चारचौघांत बोलू नये, ही समजूत अनेक माउलींच्या जिवावर बेतली आहे. वैद्यांचा सल्ला घेऊन नऊ ते चौदा वयाच्या मुलींस लस द्यावी. तिशी ओलांडलेल्या भगिनींनी, लस घेतली असली तरी, तपासणी करून घ्यावी. मुलीच्या विवाहासाठी आपण वर्षानुवर्षे पैसा साठवितो. तिच्या आयुष्यासाठी एक दिवस काढावा, एवढीच आमची विनंती आहे.