कंबरदुखी आणि मूत्रमार्ग

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. ठाकूरद्वारच्या चाळीत आयुष्य गेलेले निवृत्त शिक्षक आहोत. आमच्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगितली, तर ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढ्याच हेतूने बोलण्यास उभे आहोत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुटुंबाची कंबर दुखू लागली. वयोमानाचे दुखणे म्हणून आम्ही तेल चोळून शेकण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. लघवीस जळजळ होते काय, वारंवार जावे लागते काय, असे डॉक्टरांनी विचारले. दोन्हींचे उत्तर होय असे आले. संकोचामुळे तिने ते आमच्यापाशी काढलेच नव्हते. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता.

कंबरदुखी बहुधा स्नायूंची वा मणक्यांचीच असते व हालचालीने कमीजास्त होते. परंतु मूत्रपिंडे कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांपाशी असतात. तेथील दुखणे बहुधा एका बाजूस असते व कूस पालटल्याने शमत नाही. मुतखड्याची कळ थांबून थांबून येते, जांघेकडे उतरते. रोग्यास स्वस्थ पडवत नाही, कधी लघवीतून रक्तही जाते. वयस्क पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबली, तरी मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा दुखण्यासवे थंडीताप असेल अथवा लघवी बंद झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खड्याने वाट अडून मागे जंतू वाढले, तर जिवावर बेतते. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेत राहू नयेत. त्यांनी मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

कुटुंब पाणी फार कमी पीत असे. कारण विचारता कळले की, गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासाकडे रात्री अंधारात जाणे तिला नको वाटे. चाळीस वर्षे एका खोलीत राहून हे आम्हांस ठाऊक नव्हते! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाणी कमी पिणाऱ्या व वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यांपैकी ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी अधिक घेतले, त्यांस इतरांच्या मानाने सुमारे निम्म्या वेळाच तो आजार झाला. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी बेताचे ठेवले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांस विचारूनच प्यावे.

कुटुंब आता बरे आहे. गॅलरीच्या त्या टोकास आम्ही दिवा लावून घेतला आहे. आपणही आज घरी जाऊन, संकोच न धरता, आपल्या माणसांस एवढे विचारावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.