जकातीची तारीख आणि जैनथचा कापूस

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद शहरापासून थोड्या अंतरावर, जैनथ हे गाव आहे. लक्ष्मीनारायणाचे पुरातन देवालय आणि परमार जगद्देवाचा शिलालेख यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ते परिचित आहे. बाजारात मात्र त्याची ओळख काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाची. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे तेलंगण. परंतु बोली, पीक आणि भाव यांनी ही सीमा कधी फारशी मानलेली नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी उरकली की येथील कापूस आदिलाबादच्या बाजार समितीच्या आवाराकडे निघतो. २०२५ साली तो निघण्यापूर्वीच त्याच्या भावाविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय दिल्लीत होऊन गेला होता. हा निर्णय कापसाविषयीचा असला, तरी तो घेतला गेला होता आयात करणाऱ्यांकडे पाहून.

परदेशातून येणाऱ्या रुईवर फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने जकात बसविली. मूळ शुल्क शेकडा ५, शेतीच्या पायाभूत सोयींसाठी उपकर शेकडा ५, आणि या दोहोंच्या बेरजेवर शेकडा १० समाजकल्याण अधिभार, मिळून शेकडा ११. एक कोटी रुपयांची रुई बंदरावर उतरली की अकरा लाख रुपये सरकारात भरावयाचे. सूतगिरणीचा नफा बेताचा असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या अकरा लाखांचे वजन कळते. एप्रिल २०२२ मध्ये ही जकात तात्पुरती उठली आणि ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ती सवलत संपली. ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या रुईला फेब्रुवारी २०२४ मध्ये सूट मिळाली. तसला धागा आपल्याकडे पुरेसा पिकत नाही, त्यामुळे तिच्याविषयी फारशी तक्रार झाली नाही. पुढे १९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच रुईवरील जकात ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाली.

आता आयातदाराची अडचण पाहावी. ब्राझीलमधील रुईचा सौदा आज केला तर माल भारतीय बंदरास लागण्यास दीड-दोन महिने सहज लागतात. सौदा ज्या दिवशी झाला त्या दिवसाची जकात कायदा विचारात घेत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे, माल सोडविण्यासाठी कस्टम्सच्या कचेरीत ज्या दिवशी ‘बिल ऑफ एन्ट्री’ दाखल होते, त्या दिवसाचा दर लागू होतो. हे पत्रक जहाज येण्याआधीच दाखल केले, तर जहाजाच्या प्रवेशाचा दिवस धरला जातो. म्हणजे आयातदार किंमत ठरवितो एका तारखेस आणि जकात भरतो दुसऱ्याच तारखेस. मधल्या काळात सरकारचे मन बदलले तर त्याचा हिशेब कोलमडतो. ऑगस्टच्या मध्यास जाहीर झालेल्या सहा आठवड्यांच्या सवलतीचा लाभ, सौदे आधीच झालेल्या आणि वाटेत असलेल्या मालाला मिळाला. नव्याने सौदा करू इच्छिणाऱ्या गिरणीस ती जवळजवळ निरुपयोगी होती. गिरण्यांनी हे गाऱ्हाणे मांडले आणि २८ ऑगस्टला मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली.

आदल्याच दिवशी, २७ ऑगस्टला, अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर शेकडा ५० वर नेला होता. कापड आणि तयार कपडे निर्यात करणाऱ्यांवर संकट कोसळले होते. त्यांना स्वस्त रुई मिळावी, हा सवलतीमागील युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता. तथापि निर्यातीसाठी कच्चा माल जकातीवाचून आणण्याची सोय आगाऊ परवान्याच्या योजनेत पूर्वीपासून आहे. त्यामुळे सवलतीचा मोठा लाभ देशातच सूत विकणाऱ्या गिरण्यांना झाला असावा, असे म्हणावयास जागा आहे.

या व्यवहारात चीनचाही हात आहे. मार्च २०२५ मध्ये चीनने अमेरिकी कापसावर शेकडा १५ जादा कर बसविला. तिकडे अमेरिकेने त्याच वर्षी चिनी मालावरील वाढीव कर एप्रिलमध्ये शेकडा १४५ पर्यंत चढविला आणि मे महिन्यात शेकडा ३० वर आणला. महिनाभरात एवढी चढउतार झाल्यावर चिनी माल मागविणाऱ्या अमेरिकी व्यापाऱ्याने करावे तरी काय? माल ‘बाँडेड’ वखारीत ठेवावा, दर उतरेपर्यंत थांबावे आणि मगच सोडवून घ्यावा, हा मार्ग अनेकांनी धरला. आपल्याकडेही ती सोय आहे. वखारीत ठेवलेल्या मालावर तो बाहेर काढण्यासाठी पत्रक दाखल करण्याच्या दिवसाचा दर लागतो, आणि सर्वसाधारणपणे पहिल्या ९० दिवसांचे व्याजही जकातीवर चढत नाही. भाडे आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज सोसण्याची ऐपत असली, म्हणजे आयातदाराला तारीख निवडता येते. लहान व्यापाऱ्यास ती ऐपत नसते. दर सारखे बदलत राहिले की धंदा मोठ्या पेढ्यांच्या हाती जातो, त्याचे एक कारण हेच.

जैनथच्या शेतकऱ्यापाशी असली वखार नाही. एक क्विंटल कापसातून साधारणतः एक तृतीयांश रुई निघते, उरते ती सरकी. म्हणून रुईचा भाव उतरला की जिनिंगवाला कापसाचा भावही उतरवितो. २०२२ ची सवलत आली तेव्हा रुईचे भाव चढलेले होते आणि बहुतेक कापूस घरातून गेलेला होता. २०२५ ची वाढीव मुदत मात्र नेमकी वेचणीच्या महिन्यांवर येऊन पडली. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यास ७,७१० आणि लांब धाग्यास ८,११० रुपये क्विंटल असा होता. खाजगी व्यापारी त्याहून कमी देत होते, त्यामुळे सारा भार कापूस महामंडळाच्या खरेदीवर आला. तेथे आधी मोबाइलवर नोंदणी करावयाची, दिवस मिळवावयाचा आणि कापसातील ओल शेकडा १२ च्या आत ठेवावयाची. ८ च्या वर प्रत्येक टक्क्यास भावात कपात. पैनगंगेच्या काठी त्या दिवसांत पहाटे दव पडते. अंगणात वाळत घातलेला कापूस, दुकानदाराची उधारी आणि वेचणाऱ्या बायांची मजुरी यांपैकी कोणासही ९० दिवस थांब म्हणता येत नाही.

जकात हवी की नको, हा वाद दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे घालता येईल. गिरणी बंद पडली तर कापूस विकत घेणार कोण, हा प्रश्नही खराच आहे. परंतु दर बदलण्याचा निर्णय पेरणीपूर्वी जाहीर झाला असता, तर शेतकऱ्याला पिकाचा आणि गिरणीला सौद्याचा विचार वेळीच करता आला असता. उभ्या पिकावर घेतलेला निर्णय आयातदाराला अपुरा वाटला आणि शेतकऱ्याला जाचक.

३१ डिसेंबर २०२५ ला सवलतीची मुदत संपली. चांगल्या भावाच्या आशेने काहींनी शेवटच्या वेचणीचा कापूस घरात राखून ठेवला असेल, तर त्यांना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुदतीच्या आत जकातीवाचून सोडविलेली रुई गिरण्यांच्या गोदामांत असते, आणि ती संपेपर्यंत गिरणीला देशी मालासाठी घाई नसते.