दोन्ही हातांची नाडी पाहावी

(आरोग्य-शिक्षण शिबिरात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेले भाषण)



वैद्याने मनगटावर बोटे ठेवावीत आणि रुग्णाने त्याच्या मुद्रेकडे पाहत राहावे, हे दृश्य आपल्या समाजाला शेकडो वर्षांपासून परिचित आहे. शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन ग्रंथात नाडीपरीक्षेचे वर्णन आढळते. नाडी म्हणजे जिवंतपणाची खूण, अशी आपली धारणा आहे. परंतु चालत्याबोलत्या, पाणी भरणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या एखाद्या तरुणीच्या मनगटाला नाडीच लागू नये, असेही घडते. हा चमत्कार नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच नव्हे. हा रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विकार आहे. त्याला नाव आहे, त्याच्या निदानाची रीत ठरलेली आहे आणि त्यावर उपचारही आहेत. उणीव आहे ती वेळेवर ओळख पटण्याची. म्हणून आजचा हा विषय.

शेताला पाटाने पाणी पोचते, तसे हृदयातून निघालेले रक्त धमन्यांच्या द्वारे शरीराच्या प्रत्येक अवयवाला पोचते. या धमन्यांच्या भिंतीला दाह झाला, म्हणजे ती सुजते आणि जाड होते. आतली वाट अरुंद होत जाते व कधी पूर्ण बुजते. काही वेळा भिंत दुबळी होऊन फुग्यासारखी फुगते आणि तेथे फुटण्याचा धोका निर्माण होतो. वाट बुजली की पुढचा अवयव उपाशी राहतो. तो अवयव हात असेल तर हात दुखतो, डोळा असेल तर दृष्टी मंदावते, मूत्रपिंड असेल तर रक्तदाब वाढतो. एकाच रोगाची लक्षणे निरनिराळ्या ठिकाणी दिसतात ती यामुळेच. आणि निदान चुकण्याचे कारणही पुष्कळदा हेच असते.

हा दाह का होतो? शरीरात बाहेरून शिरणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी जी प्रतिकारशक्ती असते, तीच काही व्यक्तींमध्ये स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होय. ती का उलटते याचे संपूर्ण उत्तर शास्त्राला अद्याप सापडलेले नाही. मात्र हे विकार स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत, हे निश्चित आहे.

आधुनिक वैद्यकात या विकारांची पहिली सविस्तर नोंद १८६६ मध्ये जर्मनीतील कुसमाउल व मायर या दोन डॉक्टरांनी केली. त्यांचा रुग्ण सत्तावीस वर्षांचा एक शिंपी होता. आज या विकारांची विभागणी मोठ्या, मध्यम व सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार अशी केली जाते. अमेरिकेतील चॅपल हिल येथे १९९४ मध्ये तज्ज्ञांनी ही नावे ठरविली आणि २०१२ मध्ये त्यांत सुधारणा केली.

त्यांपैकी तीन प्रकार सर्वांच्या कानी असावेत. लहान मुलाला पाच दिवस सतत ताप, डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ व हातापायांना सूज असेल, तर तो कावासाकी यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार असू शकतो. कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी त्याचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. उपचाराविना सुमारे चारांतील एका मुलाच्या हृदयाच्या धमन्यांना इजा पोचते. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण पुष्कळच घटते. दुसरा प्रकार बिडी, सिगारेट अथवा तंबाखूच्या व्यसनात असलेल्यांचा. न्यूयॉर्कचे डॉ. लिओ बुर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णिलेल्या या विकारात हातापायांच्या धमन्या बुजतात, बोटे काळी पडतात आणि शेवटी ती कापावी लागतात. तेथे तंबाखू संपूर्ण सोडणे हाच खरा उपचार असून दिवसाची एक बिडीसुद्धा त्यावर पाणी फिरवते. तिसरा प्रकार सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा. त्यात फुफ्फुसे व मूत्रपिंडे सापडतात, खोकल्यातून रक्त पडते आणि क्षयरोगाचा भास होतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि क्षयाच्या औषधांनी गुण येत नाही, अशा रुग्णाची लघवी व रक्त अवश्य तपासले पाहिजे.

परंतु नाडी नाहीशी करणारा विकार याहून निराळा. मिकितो ताकायासु हे जपानमधील नेत्रतज्ज्ञ. १९०८ मध्ये त्यांनी एकवीस वर्षांच्या एका स्त्रीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची विलक्षण गुंफण आपल्या सहव्यवसायींसमोर मांडली. त्याच सभेत अन्य दोन डॉक्टरांनी तशाच रुग्णांविषयी सांगताना त्यांच्या मनगटाची नाडी लागत नसल्याचे नमूद केले. डोळा आणि मनगट यांचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा पडला असेल. उत्तर असे की, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला व तिच्या मोठ्या शाखांना दाह झाला, म्हणजे हाताकडे आणि मस्तकाकडे जाणारे रक्त एकाच वेळी कमी होते. ताकायासु यांच्या नावाचा हा विकार भारतातही आढळतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील ख्यातनाम शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याचा विशेष अभ्यास केला होता.

या विकाराच्या दर दहा रुग्णांत साधारणतः आठ-नऊ स्त्रिया असतात आणि आरंभ बहुधा वयाच्या चाळिशीपूर्वी होतो. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, अशी आपल्याकडे म्हण आहे. हा आजार मात्र येतोही मुंगीच्याच पावलांनी. प्रथम बारीक ताप, थकवा, सांधेदुखी, वजन घटणे. अशक्तपणा म्हणून टॉनिकची बाटली आणली जाते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वेणी घालताना, कपडे धुताना, फळ्यावर लिहिताना हात भरून येतो व थांबले की बरे वाटते. चक्कर येते, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातील कामाचा भार आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय यांमुळे ही तक्रार बाईच्या तोंडून बाहेर पडत नाही. पडलीच तर ऐकणारा ती मनावर घेत नाही.

येथेच एक फसवणूक होते, ती आरोग्य कर्मचाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. ज्या हाताची धमनी अरुंद झाली आहे, त्या हाताचा रक्तदाब खोटाच कमी भरतो. तेवढ्यावरून ‘तुमचे प्रेशर कमी आहे, मीठ-साखरेचे पाणी घ्या’ असा सल्ला दिला जातो. वस्तुतः मूत्रपिंडाची धमनीही अरुंद झालेली असल्यास शरीरातील खरा रक्तदाब अतिशय वाढलेला असतो आणि हृदय, मेंदू व मूत्रपिंडे त्याखाली भरडली जात असतात. यावर उपाय साधा आहे. रक्तदाब दोन्ही दंडांवर मोजावा. वरच्या आकड्यात दहा मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळला, तर रुग्णाला स्वस्थ बसवून पुन्हा मोजावे. दोन्ही हातांच्या नाड्या एकाच वेळी तपासाव्यात. दोन्ही हात संशयास्पद वाटल्यास पायावर रक्तदाब घ्यावा. फरक आढळला म्हणजे हाच रोग झाला असे नव्हे. थोडा फरक निरोगी माणसातही असतो. परंतु तरुण वयात हा फरक टिकून राहिला, नाडी मंद लागली किंवा रक्तदाब फार वाढलेला आढळला, तर रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये.

मोठ्या रुग्णालयात पुढील तपासण्या होतात. डॉक्टर मानेवर, गळपट्टीच्या हाडापाशी व पोटावर नळी लावून धमनीतील खरखर ऐकतात. रक्तातील ई. एस. आर. व सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन यांवरून दाहाचा अंदाज येतो. पण हे आकडे ठीक असूनही दाह आतल्या आत धुमसत असू शकतो, म्हणून एवढ्यावर विसंबून चालत नाही. महाधमनीचा तुकडा काढून तपासणे सहसा शक्य नसते. त्यामुळे डॉप्लर सोनोग्राफी, सी. टी. किंवा एम. आर. अँजिओग्राफी यांनी धमन्यांचे चित्र घेतले जाते. कोणती वाट कोठे अरुंद आहे, भिंत किती जाड आहे, हे त्यावरून कळते. क्षयरोग आहे किंवा नाही याचीही खात्री करून घेतात, कारण पुढे द्यावयाच्या औषधांनी दबून असलेला क्षय उफाळून येऊ शकतो.

उपचाराचा पाया म्हणजे स्टिरॉइड. कॉर्टिसोनचा संधिवातावरील प्रभावी उपयोग १९४८ मध्ये सिद्ध झाला आणि १९५० मध्ये त्यासाठी केंडाल, राइकश्टाइन व हेंच या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातील प्रेडनिसोलोन आज गावोगावच्या औषधालयांत मिळते. प्रारंभी मोठी मात्रा देऊन दाह शमविला जातो व नंतर ती महिनोनमहिने पायरीपायरीने उतरविली जाते. मात्रा उतरविताना रोग पुन्हा डोके वर काढतो, असा अनुभव पुष्कळ रुग्णांत येतो. म्हणून जोडीला मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट यांपैकी एखादे औषध देतात. त्यांनी भागले नाही तर टोसिलिझुमॅबसारखी नवी औषधे उपलब्ध आहेत. अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करणे अथवा शस्त्रक्रियेने रक्ताला पर्यायी वाट करून देणे, हे उपायही आहेत. ते शक्यतो दाह शांत झाल्यावर करतात, अन्यथा वाट पुन्हा बुजण्याचा संभव असतो.

औषधांविषयी चार गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. पहिली : स्टिरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. दीर्घकाळ बाहेरून औषध मिळाल्यावर शरीर स्वतःचे संप्रेरक तयार करणे कमी करते, आणि गोळी अचानक थांबल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. दुसरी : मेथोट्रेक्सेट या रोगासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोजची गोळी समजून ते घेतल्यास प्राणघातक ठरू शकते. वार ठरवून घ्यावा व तो भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. तिसरी : चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग होणे हे स्टिरॉइडचे दुष्परिणाम खरे आहेत, परंतु त्यांवर उत्तर नियमित तपासणी हे आहे, औषध टाकून देणे हे नव्हे. चौथी : मेथोट्रेक्सेट व मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहेत. त्यामुळे मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावे. औषध बदलून, रोग शांत असताना व रक्तदाब ताब्यात ठेवून अनेक स्त्रिया सुखरूप माता होतात.

हे सांगण्याचे कारण स्पष्टपणे बोलले पाहिजे. हा रोग नेमका मुलीच्या लग्नाच्या वयात उद्भवतो. स्थळ हातचे जाईल या भीतीने कागदपत्रे पेटीच्या तळाशी जातात. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंद होतात आणि एक-दोन वर्षांनी ती मुलगी अर्धांगवायू किंवा निकामी मूत्रपिंड घेऊन रुग्णालयात दाखल होते. रोग लपविल्याने रोग जात नाही, जाते ती उपचाराची वेळ. मधुमेहाची किंवा दम्याची औषधे घेणारा माणूस जसा संसार करतो, तसाच या विकाराची रुग्णही नियमित उपचारांवर करू शकते. ही गोष्ट दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी उघडपणे बोलावी, यातच त्या मुलीचे हित आहे.

या कामी प्रत्येकाचा वाटा आहे. शिक्षकांनी वारंवार दमणाऱ्या, लिहिताना हात दुखतो म्हणणाऱ्या, चक्कर येऊन बसणाऱ्या विद्यार्थिनीवर आळसाचा शिक्का मारू नये; शाळेच्या वैद्यकीय तपासणीत तिचे नाव आवर्जून पुढे करावे. आरोग्यसेविकांनी तरुण स्त्रीचा रक्तदाब पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर घ्यावा व दोन्ही आकडे कार्डावर लिहावेत. गर्भवतीच्या बाबतीत तर हे विसरू नये. अधिकाऱ्यांनी उपकेंद्रांतील रक्तदाबमापक यंत्रे बिनचूक आहेत, लहानमोठ्या दंडांना साजेसे पट्टे उपलब्ध आहेत, हे पाहावे. पट्टा चुकीच्या मापाचा असल्यास आकडाही चुकीचा येतो. ग्रामस्थांनी अंगाऱ्याधुपाऱ्यात महिने घालविण्याऐवजी प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. तेथून चिठ्ठी मिळाल्यास जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाण्यास संकोच करू नये. गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची आहे, आणि बांबोळीचे रुग्णालय कोणत्याही तालुक्यातून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

दुसऱ्या हाताचा रक्तदाब घेण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. त्यासाठी नवे यंत्र नको, वेगळी मंजुरी नको, जादा खर्चही नको. एका हातावर काम भागले असे समजून पट्टा गुंडाळून ठेवण्यापूर्वी दुसरा हात पुढे करण्यास सांगावे, आणि रुग्णानेही तसा आग्रह धरण्यास मुळीच लाजू नये, एवढीच सर्वांना विनंती आहे.