काच आणि प्लॅस्टिक यांची सोयरीक

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या हातात गरम पाण्याच्या पाइपचे दोन तुकडे आहेत. बाहेरून दोन्ही सारखे. पण एकाचा काप नीट पाहिलात तर मधोमध वेगळ्या रंगाचे कडे दिसेल. त्या कड्यात काच आहे. काच म्हणजे फुटणारी वस्तू. ती प्लॅस्टिकमध्ये घालून मजबुती कशी येते, असे तुम्ही विचाराल.

आधी प्लॅस्टिक समजून घेऊ. आपली तसबीह डोळ्यांसमोर आणा. सगळे मणी एकाच जातीचे असले तर तशा रेणूंच्या माळेला होमोपॉलिमर म्हणतात. मध्ये मध्ये दुसऱ्या जातीचे मणी ओवले की ती कोपॉलिमर झाली. नुसते पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होते. त्याच्या माळेत थोडे एथिलीन ओवले की ते धक्का सोसू लागते, पण थोडे मऊही पडते. हा मऊपणा भरून काढण्यासाठी काचेची मदत घेतात.

खिडकीची तावदाने फुटतात ती मुख्यतः पृष्ठभागावरच्या न दिसणाऱ्या चिरांमुळे. तीच काच वितळवून केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका बारीक तंतू ओढला, तर त्यात अशा चिरा फारच कमी राहतात, आणि ताण सोसण्यात तो साध्या पोलादालाही मागे टाकतो. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट हे संशोधक काचेच्या विटा जोडण्याच्या खटपटीत असताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि तंतूच तंतू उडाले! काचतंतूच्या धंद्याला खरी गती त्यानंतर आली.

आपले वाडवडील कुडाच्या भिंतीसाठी चिखल कालवताना त्यात पेंढा घालत. हा त्यातलाच प्रकार. मात्र पॉलिप्रॉपिलीन तेलकट स्वभावाचे, काचेला चिकटत नाही. म्हणून तंतूवर सिलेन या रसायनाचा पातळ लेप देतात. मग शंभर भागांत तीस भाग काच घातली की प्लॅस्टिकचा ताठपणा सुमारे चौपट होतो, आणि वजन मात्र तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या सातव्या हिश्शाइतकेच राहते. कपडे धुण्याच्या यंत्राचा टब, मोटारगाडीचा थंड हवेचा पंखा अशा वस्तू यातून बनतात. दातेरी चक्रे करताना मात्र जपून. काचेचा तंतू समोरच्या चक्राचे दात घासून खातो.

आता हा पाइप पाहा. वसतिगृहाच्या किंवा वजूखान्याच्या गच्चीवर सौर बंब असतो. साध्या कोपॉलिमरचा दहा मीटर पाइप चाळीस अंशांनी तापला तर सुमारे साठ मिलिमीटर लांबतो. मग तो लोंबतो आणि सांध्यांवर ताण येतो. मधल्या थरात काचतंतू असलेला पाइप त्याच्या साधारण एक-तृतीयांशच लांबतो.

इथवर कौतुक झाले. आता माझी एक चूक सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीस मी एका कारखान्यात तपासनीस होतो. तिथे काचभरल्या पॉलिप्रॉपिलीनचे पंखे बनत. एकदा दाणा कमी पडला, तेव्हा वरिष्ठांनी खराब माल दळून त्यात निम्मा मिसळायला सांगितले. तो भुगा आधी कितीदा दळला गेला होता, याची नोंदच नव्हती. पंख्यांचा रंग तोच, वजन तेच. एक तुकडा भट्टीत जाळला, राख तोलली. काचही बरोबर तीस टक्के भरली. मी सही केली. काही आठवड्यांनी दोन पंखे परत आले, पाती मुळाशी तुटलेली. चालत्या यंत्रातून सुटलेले एक पाते पत्र्यात रुतले होते. समोर कोणी उभे नव्हते, ही अल्लाहची मेहेरबानी.

कारण नंतर कळले. दाण्यात काही मिलिमीटर लांब असलेला तंतू साच्यातून निघेपर्यंत बहुधा एक मिलिमीटरहूनही आखूड होतो. पुन्हा दळला की आणखी तुटतो. फार आखूड तंतू ताण पेलत नाही, प्लॅस्टिकमधून नुसता सुटून येतो. शिवाय साच्यात दोन बाजूंनी आलेले प्रवाह जिथे मिळतात, तिथे तंतू एकमेकांत पुरेसे गुंतत नाहीत. ती जोडरेषा मुळातच कमजोर. आमच्या पंख्याची जोडरेषा नेमकी पात्याच्या मुळाशी होती. मी काच तोलली होती, तिची लांबी पाहिली नव्हती.

आपल्या समाजातली पुष्कळ मुले भंगार आणि प्लॅस्टिक दळण्याच्या शेडमध्ये काम करतात. पालकांना माझी विनंती आहे की मुलगा अंगाला खाज सुटली, डोळे-घसा चुरचुरतो म्हणत घरी आला, तर ती नुसती धूळ समजू नका. काचभरला माल दळताना बारीक तंतू उडतात. चष्मा, तोंडाला योग्य मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. बनियनवर ते काम करू नये. काचभरला भुगा साध्या भुग्यापासून वेगळा ठेवावा.

ज्या मुलामुलींना हे काम शिकूनच करायचे आहे, त्यांच्यासाठी १९६८ साली मद्रासला स्थापन झालेली ‘सिपेट’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. छत्रपती संभाजीनगरलाही, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादलाही, तिचे केंद्र आहे. दहावीनंतर प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची आणि साचे बनवण्याची तीन वर्षांची पदविका तिथे करता येते. साचे बनवणारा कारागीर शेडमधल्या मजुराहून किती वेगळे आयुष्य जगतो, हे मी रोज पाहतो.

नव्या दाण्याच्या पंख्याची आणि दळलेल्या मालाच्या पंख्याची राख मी दोन डब्यांत आणली आहे. डब्यांवर नावे घातलेली नाहीत. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मांडला आहे. चहा झाला की दहावीच्या मुलींनी आधी यावे, मग मुलांनी, आणि कोणती राख कोणत्या पंख्याची ते मला न विचारता सांगावे.