भाकरीवरचे दोन खळगे



चोपडा तालुक्यात अडावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तिथे गोमुखातून ऊन पाणी पडतं. आपल्याकडे सांगतात की शरभंग ऋषींना कुष्ठ झालं होतं, रामचंद्रांनी जमिनीत बाण मारला, ऊन पाण्याचा झरा निघाला आणि त्यात न्हाऊन ऋषी बरे झाले. अंगावर डाग, चट्टे, खाज असलेली माणसं म्हणूनच तिथे श्रद्धेने स्नानाला येतात.

मला ही कथा फार आवडते. तिच्यात हा आजार एका ऋषीला झालेला आहे, कुणा पाप्याला नाही. आणि ऋषीला गावाबाहेर काढा असं कुणी म्हणत नाही. देव स्वतः त्याच्या आश्रमात येतो.

पण मी कुष्ठतंत्रज्ञ होतो, आधी शिरपूर भागात आणि मग चोपड्याकडे. त्यामुळे त्या पाण्यापाशी माझी नजर नेहमी लोकांच्या पायांकडे जायची. कुष्ठरोगाचा जंतू कातडीत शिरतो तसा मज्जातंतूंतही शिरतो. मज्जातंतू गेला की पायाला ऊन-गार कळत नाही. शेजारचा माणूस चटका बसला म्हणून पाय मागे घेतो आणि हा तसाच उभा राहतो. घरी जाऊन बघतो तर तळव्याला फोड. डोळे मिटून पाणी सोसणारा असा माणूस दिसला की मी हळूच त्याच्याजवळ जाऊन बसत असे.

आपल्या जुन्या वैद्यांना ही बधिरता माहीत होती. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या वर्णनात ती येते आणि उपायांत तुवरकाचं, म्हणजे कडू कवठाचं तेल येतं. विसाव्या शतकात डॅप्सोन येईपर्यंत जगभरचे डॉक्टर याच जातीच्या झाडांचं तेल टोचत होते. पण ग्रंथांत कुष्ठाचे अठरा प्रकार. त्यांत आजचा कुष्ठरोग आहे, तसे नायटे आणि इतर कातडीचे विकारही आहेत. ती सरमिसळ लोकांच्या मनात अजून आहे. अंगावर पांढरं कोड आलेल्या मुलीला आजही लोक रगतपितीची, म्हणजे कुष्ठरोगाची, समजून टाळतात. कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही, हे मी इथे अगदी जोर देऊन सांगतो.

धर्माने या आजाराला शाप आणि उपासना दोन्ही दिलं. कृष्णाचा मुलगा सांब शापाने कुष्ठी झाला आणि सूर्याच्या उपासनेने बरा झाला, असं पुराण सांगतं. त्यातली उपासना लोकांनी ठेवली, पण शाप जास्त घट्ट धरला. गेल्या जन्मीचं पाप म्हटलं की शेजाऱ्याला काही करायला नको आणि रोग्याला काही विचारायला नको.

नॉर्वेच्या बर्गन शहरात डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवला. रोग आनुवंशिक नाही, शाप नाही, तो जंतूने होतो हे तिथे ठरलं. हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून शिरकाव झाल्यापासून डाग दिसेपर्यंत पाच वर्षं, कधी वीस वर्षंही जातात. शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. उरलेल्यांसाठी १९८१पासून एकाहून जास्त औषधांचा एकत्र कोर्स आहे आणि तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पहिल्या डोसनंतर त्या माणसापासून दुसऱ्याला होणारा संसर्ग जवळजवळ थांबतो.

आपल्या खानदेशाचं या कामाशी एक नातं आहे आणि ते मला मोलाचं वाटतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३६ साली, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली.  पुढे परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित हा आजार घेऊन सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळलं. त्या वेळी हातात खात्रीचं औषध नव्हतं. ३० जानेवारी हा गांधीजींच्या पुण्यतिथीचा दिवस. हाच दिवस आपण कुष्ठरोग निर्मूलन दिन म्हणून पाळतो.

आता मला एका मावशींबद्दल सांगायचं आहे. नाव आणि गाव सांगणार नाही. १९९०नंतरची गोष्ट. घरोघर तपासणी करताना त्यांच्या दंडावर फिकट डाग दिसला. "हाऊ डाग ते जलमना शे," त्या म्हणाल्या. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. कापसाची वात डागावर टेकवली आणि कुठे लागतं ते बोटाने दाखवा म्हटलं. त्या वाट बघत राहिल्या. तीन वेळा टेकवली, बोट हललं नाही. चुलीपाशी टोपलीत भाकरी होत्या आणि प्रत्येक भाकरीच्या कडेला दोन खळगे पडलेले होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. भाकरी थापताना त्यांची टोकं पिठात रुतत होती. घरातले म्हणत, हिचं कामात लक्ष नाही. तव्याचे चटके बसलेल्या बोटांना त्या स्वतः म्हणत, सवय झाली.

गोळ्या घ्यायला त्या तयार नव्हत्या. "भाऊ, पोरनं जमू द्या, मंग गोया खासू." त्यांना औषधाची सगळी माहिती होती. एका गोळीने लघवी लाल होते, दुसरीने महिनोन्महिने कातडी काळवंडते. पाव्हणे बघायला येतील, आईचं तोंड बघतील आणि उठून जातील. मी समजावलं, घरी चार खेपा घातल्या. त्यांनी पाकीट घेतलं आणि धान्याच्या कोठीत खुपसून ठेवलं. मुलीचं लग्न दीड वर्षाने झालं. तोवर दोन्ही बोटं पुरती आखडली होती.

त्या चुकल्या असं मी आजही म्हणू शकत नाही. देशाचा कायदाच त्यांच्या बाजूने नव्हता. १८९८च्या इंग्रजी कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबता येत असे. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. आणि नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यात २०१९पर्यंत लिहिलेलं होतं. रोग बरा करणारा कोर्स आल्यावर अडतीस वर्षं! त्या अडतीस वर्षांत ज्या बाया माहेरी परत धाडल्या गेल्या, त्यांची भरपाई कोण करणार आहे?

मावशींनी पुढे कोर्स नीट पूर्ण केला. तेव्हा तो दोन वर्षांचा असे, आता रोगाच्या प्रमाणात सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. रोग संपला, पण मेलेला मज्जातंतू परत येत नाही. हातावर शस्त्रक्रिया झाली, बोटं बरीच सरळ झाली. चटका मात्र कधीच कळला नाही. मग मी सुताराकडून लांब लाकडी दांड्याचं उलथणं करून घेतलं आणि तव्यावर बोट लावायचं नाही, अशी त्यांच्याकडून शपथच घेतली.

म्हणून सांगतो, आशाताई तुमच्या दारात येऊन डाग आहे का विचारतील. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ही शोधमोहीम होत असते. त्यांना दारातून परत पाठवू नका. फिकट किंवा लालसर डाग, ज्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही. कानाची पाळी जाड होणं. हातातून वस्तू निसटणं. चप्पल पायातून गळून पडणं आणि ते न कळणं. एवढंच बघायचं असतं. दिवसाच्या उजेडात बघायचं, आणि पाठ दुसऱ्याने बघायची.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक तरुण बाई भर बाजाराच्या दिवशी सासूला घेऊन उपकेंद्रावर आली. मावशींची तीच मुलगी. सासूच्या मानेवर आठ दिवसांपूर्वी चट्टा उठला होता. "पहिले तुमले दखाडू म्हनं," ती म्हणाली. सासूबाई बाकावर बसल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी पदर खाली घेतला. मी डोळे मिटायला सांगून वात टेकवली. पहिल्याच स्पर्शाला त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. तो नायटा निघाला. मलम दिलं, कपडे उन्हात वाळवायला सांगितले, आणि दोघी बाजाराला गेल्या.