वशिष्ठीच्या काठी आपले स्वागत

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, कायद्याचे आणि जलविज्ञानाचे अभ्यासक, खाडीकाठच्या गावांतून आलेले भोई, दालदी, खारवी बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रहो,

समस्त चिपळूणकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात पहिल्या मजल्यापर्यंत बुडालेल्या बाजारपेठेतून आपण इथवर आलात. त्या पुरानंतर या गावात नदीविषयी कोणी वरवर बोलत नाही.

वशिष्ठी लांबीने लहान. सह्याद्रीतून निघते आणि दाभोळला समुद्राला मिळते. पण तिच्या पात्रात दोन पाणी आहेत. एक तिचे स्वतःचे, पावसाचे. दुसरे कोयनेचे अवजल, म्हणजे पोफळी-अलोऱ्याच्या वीजगृहांतून वीज करून सुटलेले. भर उन्हाळ्यातही ती वाहती दिसते, मात्र तेव्हा तिची पातळी विजेच्या मागणीनुसार चढते-उतरते. मग तिचा स्वतःचा प्रवाह किती? तो किती असायला हवा? आणि तिच्या वतीने तो मागायचा कोणी? हे तीन प्रश्न सुटे सोडवता येणार नाहीत, म्हणून संशोधक आणि वकील यांना आम्ही एकाच मांडवात बोलावले आहे.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. मूर्तीला मालमत्ता धारण करता येते, हे आपल्या कायद्याला जुनेच मान्य असल्याने ही वाट परकी नव्हती. पण पालक नेमले ते सरकारी अधिकारी. पुराने नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यायची, अशी शंका काढून राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये निकालाला स्थगिती मिळाली.

उत्तराखंडच्या त्या निकालाच्या काही महिने आधी कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने अत्रातो नदीचे हक्क मान्य केले होते. चोको प्रांतातली ही नदी सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब, अतिवृष्टीच्या अरण्यातून वाहणारी. बेकायदा सोनेखाणींच्या यंत्रांनी तिचे पात्र उलथे केले होते, पाण्यात पारा उतरला होता. न्यायालयाने सरकारबरोबर काठच्या समाजांनाही पालक केले. सात संघटनांनी प्रत्येकी एक स्त्री आणि एक पुरुष निवडून चौदा पालक दिले. मला याहून मोलाचे वाटते ते दुसरे कलम : नदीत आणि माणसांच्या शरीरात किती विष उतरले, याचा अभ्यास करण्याचा आदेशच त्या निकालात होता. खाणी त्यानंतरही थांबलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण सरकारला जाब विचारायला त्या पालकांच्या हाती आता निकाल आहे आणि आकडेही आहेत.

आपल्याकडे उलटे घडले. नदीकाठी कोणते उद्योग किती अंतरावर असावेत, हे ठरवणारे महाराष्ट्राचे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द झाले. दाभोळ खाडीत औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी येते. मासे मरून तरंगू लागले की पंचनामा होतो. तोवर ओहोटी लागून पाणी निघून गेलेले असते. मासे कोणत्या भरतीला मेले, तिसऱ्या-कालवे कुठे मिळेनाशी झाली, हे होडीतल्या माणसाला ठाऊक असते. ते न्यायालयात टिकेल असे नोंदवायला मात्र त्याला कोणी शिकवलेले नाही.

माझे मत स्पष्ट आहे. काठावरचा माणूस पालक नसेल आणि त्याच्या हाती मोजमाप नसेल, तर नदीला दिलेला हक्क कागदावरच राहील. म्हणून संशोधकांनी नमुना घेण्याची पद्धत आणि बाटल्या खाडीतल्या गावांच्या हाती द्याव्यात, आणि विधिज्ञांनी त्या नोंदी पुरावा म्हणून उभ्या राहतील असा नमुना-अर्ज इथेच तयार करावा. यासाठी लागेल ती मदत स्वागत समिती करील.

पहिल्या सत्रात खाडीतले मच्छीमार बोलणार आहेत. त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत वेळेची घंटा वाजवू नये, अशी सत्राध्यक्षांना माझी नम्र विनंती आहे.